तळ्याकाठचा डावखुरा लेखक

आयर्लंडला मी तीन महिन्यांसाठी गेले आणि आठ महिने राहिले. २०२०च्या फेब्रुवारीत लेकीकडे पोचले तेव्हा सामानात मेतकूट, कुळथाचं पीठ आणि नातीसाठी अंकलिपी होती. मार्चच्या मध्यावर सगळं जग बंद झालं. तिथल्या सरकारने माझ्या व्हिसाची मुदत आपणहून वाढवली, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. ऑक्टोबरात पुण्याला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "मग, काय काय पाहिलंत?" खरं सांगायचं तर पहिले चार महिने मी एका घराचं परसदार आणि त्या परसदारात रोज भांडणारे दोन मॅगपाय पक्षी पाहिले. त्यानंतर जुलैत दोन दिवस बाहेर पडले. हे त्या दोन दिवसांबद्दल आहे.

मलिंगार

माझी लेक मुक्ता भूलतज्ज्ञ आहे, मलिंगारच्या सरकारी इस्पितळात. गाव आपल्या तालुक्याच्या गावाएवढं, पण टापटीप असं की रस्त्यावर साल टाकायची भीती वाटावी. जावई संगणकवाले, ते घरातल्याच एका खोलीत दार लावून ऑफिसात असायचे. मुक्ता दिवसचे दिवस कामावर. त्यामुळे घरात खऱ्या अर्थाने दोघीच, मी आणि सात वर्षांची रेवा. मी मराठीत बोलायचे, ती ठसकेबाज आयरिश इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं उत्तम चालायचं.

मी तीस वर्षं कला महाविद्यालयात एचिंग शिकवलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यात चित्र ओरखडायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथलं मेण गेलंय तिथे आम्ल तांबं खातं. मग त्या खाचांत शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून छाप घ्यायचा. लॉकडाऊनमध्ये तांबं कुठून आणणार? मी ज्यूसचे रिकामे खोके उघडून त्यांच्या चकचकीत आतल्या बाजूवर रेवाला खिळ्याने चित्रं काढायला शिकवलं. पहिल्याच दिवशी तिने आपलं नाव लिहिलं. छाप काढला तर नाव उलटं! ती हसून जमिनीवर लोळली.

इथवर सगळं छान होतं. माती खाल्ली ती मराठीच्या अभ्यासात.

मुक्ता लहानपणी डावखुरी होती. मी तिची ती सवय मोडली. त्या काळी सगळेच मोडायचे, असं मी स्वतःला सांगत आले. प्रसाद उजव्या हातात, जेवण उजव्या हाताने, वाण उजव्या हाताने. शिवाय मी स्वतः हाताने काम करणारी बाई. कात्र्यांपासून यंत्रांपर्यंत सगळं उजव्यांसाठीच केलेलं, पोरीचे हाल होतील, ही माझी भीती होती. आणि आता रेवाही डावखुरी निघाली. अ आ इ ई गिरवताना मी तिच्या डाव्या हातातली पेन्सिल हळूच उजव्या हातात द्यायचे. रागावून नव्हे, अगदी लाडाने. "मराठी या हाताने लिहितात गं."

एका संध्याकाळी मुक्ता कामावरून आली, अंघोळ करून स्वयंपाकघरात आली आणि तिने रेवाला उजव्या हाताने वेडावाकडा अ काढताना पाहिलं. रेवा कौतुकाने म्हणाली, "मम्मा, मराठी इज फॉर द राइट हँड. इंग्लिश इज फॉर द लेफ्ट."

मुक्ता हसेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, परत तिच्या हाताला हात लावलास तर माझ्या घरात राहू नकोस."

त्यानंतर तीन आठवडे आमचा अबोला. "रेवा, आजीला सांग चहा झालाय." "रेवा, आईला म्हणावं मी घेतला." रागाने घर सोडून जावं, तर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बाहेर जायची सरकारची परवानगी नव्हती. इकडे भारतात परतणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं, बोलावणं कधीही आलं असतं. त्या वर्षी निघालेलं माणूस पुन्हा भेटेल की नाही याची खात्री कुणालाच नव्हती. असंच न बोलता विमानात बसावं लागलं तर?

जुलैत प्रवासाची मुभा मिळाली. मुक्ताला दोन दिवसांची सुट्टी होती. तिने रेवालाच सांगितलं, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात. ऑपरेशन थिएटरमधली एक नर्स लिट्रम काउंटीतली होती. तिच्या गावाजवळ तळ्याकाठी एक जुनं घर आहे, तिथे दोनेकशे वर्षांपूर्वी एक लेखक राहायचा. तो डावखुरा होता. त्याचं डाव्या हातात लेखणी धरलेलं एचिंग अजून त्या घरात आहे. "आपण ते बघायला जायचं. आजीला एचिंग आवडतं ना?"

हे आमंत्रण होतं की टोमणा, ते मी विचारलं नाही. आम्हा तिघींपुरती थालीपिठं करायला घेतली.

लाँगफर्डच्या पुढे

आयर्लंडचं कौतुक करताना लोक हिरव्या रंगापाशी थांबतात. मी म्हणेन, आभाळ बघा. गाडीच्या काचेतून एका वेळी तीन ऋतू दिसत होते. डावीकडे ऊन, समोर पावसाचा पडदा, उजवीकडे काहीच न ठरलेलं. ढग इतके खाली की एखादा हाताला लागेल असं वाटावं. त्याखाली गवत, गायी, दगडी कुंपणं आणि पुन्हा गवत. चार महिने भिंती बघितलेल्या माझ्या डोळ्यांना हे सगळं मानवलं.

लहान रस्त्यावर समोरून गाडी आली की तिचा चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. नमस्कार, रामराम, काय म्हणाल ते त्या एका बोटात. मुक्ताही सवयीने बोट उचलत होती. आपल्याकडे समोरच्या गाडीला हाताने जे सांगितलं जातं ते मला आठवलं आणि हसू आलं, पण सांगणार कुणाला?

लाँगफर्ड मागे पडल्यावर गाडीतल्या नकाशाने दगा दिला. वळण चुकलं आणि रस्ता थेट एका काळ्याभोर माळावर जाऊन संपला. ती पीटची जमीन होती. हजारो वर्षांची कुजलेली झाडझाडोऱ्याची माती. ती विटांसारखी कापून वाळवतात आणि थंडीत जाळतात. आपल्याकडे गोवऱ्या वाळत घालतात तशा त्या विटा चारचार, पाचपाच एकमेकींना टेकवून उभ्या केल्या होत्या. तिथे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याला मुक्ताने वाट विचारली. त्याने वाट सोडून बाकी सगळं सांगितलं. पाऊस कसा, विटा कधी वाळतील, त्याची बहीण कुठल्या इस्पितळात आहे. मुक्ता डॉक्टर आहे हे कळल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग कुठे हात करून वाट दाखवली.

"आजी, ही वॉज अ ग्रँड मॅन," रेवा म्हणाली. तिथे कुठलीही बरी गोष्ट ग्रँड असते. चहा ग्रँड, हवा ग्रँड, ताप उतरला की पेशंट ग्रँड.

रात्री कॅरिक-ऑन-शॅननला नदीजवळच्या एका घरगुती लॉजमध्ये राहिलो. आम्ही मांस खात नाही हे ऐकून मालकीणबाई अस्वस्थ झाल्या. सकाळी त्यांनी प्रायश्चित्त घ्यावं तसा नाश्ता वाढला. भाजलेले टोमॅटो, मशरूम, अंडी, बीन्स, बटाट्याच्या दशम्या म्हणाव्यात अशा पोळ्या आणि काळसर गव्हाचा सोडा घातलेला पाव. त्या पावावर खारट लोणी जाडजूड लावून खाल्लं आणि मी तिथल्या गायींना मनोमन हात जोडले. बदल्यात त्यांना एक थालीपीठ दिलं. त्या म्हणाल्या, तिखट आहे, पण ग्रँड आहे.

टेबलाशी मुक्ता माझ्यासमोर बसली होती. काटा-चमचा नेटका धरून, उजव्या हाताने. इतकी वर्षं मी त्या हाताकडे समाधानाने बघत आले होते.

तळ्याकाठचं घर

ते घर नोरा नावाच्या बाई सांभाळतात. वय सत्तरीच्या पुढे, पांढरे केस, पायात चिखलाचे बूट, मागे एक लंगडं कुत्रं. मालक मंडळी परदेशात असतात. नोराबाई बारा वर्षांच्या असताना इथे कामाला आल्या आणि राहिल्याच. त्या वर्षीच्या पद्धतीप्रमाणे आम्ही दारात नाव-फोन लिहून दिला, हातांना औषध लावलं आणि मास्क चढवले. त्या लेखकाचं नाव मी इथे लिहीत नाही. मला ते धड उच्चारता येत नाही, आणि लिहून तरी कुणाला ओळखू येणार? त्याने दोनच पुस्तकं लिहिली आणि दोन्ही आता कुणी वाचत नाही, असं नोराबाईंनीच हसत सांगितलं.

ज्या खोलीत तो लिहायचा तिथेच चित्र टांगलेलं होतं. खिडकीची लाकडी झडप बंद, खोलीत एकच मंद दिवा. उजेडाने जुना कागद जळतो. ही काळजी घेणारी बाई मला तिथल्या तिथे आवडली.

चित्र दीड वीत रुंद, दोन विती उंच. एक माणूस टेबलाशी बसला आहे. डोक्यावर केसांचा टोप नाही, केस मोकळे, कोट गळ्याशी उघडा. उजव्या तळव्यावर गाल टेकलेला. डाव्या हातात पिसाची लेखणी, आणि ती कागदापासून बोटभर वर थांबलेली. वाक्य सापडायच्या आधीचा माणूस. मागच्या खिडकीतून तळं दिसतं, तळ्यात बेट, बेटावर डाव्या बाजूला मोडका मनोरा, उजवीकडे डोंगराचा उतार आणि वर वाऱ्याने भरलेलं आभाळ.

त्याआधीच्या काळातली लेखकांची चित्रं मी वर्गात शेकड्यांनी दाखवली आहेत. टोप, झालर, मागे पुस्तकांची रांग आणि समोर बघणारा रुबाब. अठराव्या शतकाच्या अखेरीला युरोपातली हवा बदलली. एकटं, विचारात बुडालेलं माणूस, ढग आणि पडके मनोरे यांचं लोकांना वेड लागलं. पण पुष्कळदा ते वेड नाटकी दिसतं. इथे नाटक नव्हतं. आपलं कुणी चित्र काढतंय याचं या माणसाला भानच नव्हतं. आणि रेषा! कपाळावरच्या केसाएवढ्या बारीक, एकदाच आम्लात जाऊन आलेल्या. कोटाच्या घडीतल्या आम्लाकडून दोनदा-तीनदा चावून घेतलेल्या, मखमलीसारख्या काळ्या. आभाळात बारीक ठिपके होते, म्हणजे मेण तिथे कच्चं राहिलं होतं. माझ्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी त्याला पत्रा पुन्हा घासायला लावला असता. इथे मात्र त्या ठिपक्यांनी पावसाआधीची हवा उभी केली होती. खाली चित्रकाराचं नाव नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्कमुळे बाकी चेहरा झाकलेला, ते एक बरं झालं.

"कितोग होता तो," नोराबाई रेवाला म्हणाल्या. कितोग म्हणजे त्यांच्या भाषेत डावखुरा. "तुझ्यासारखा."

रेवा ताठ झाली. "ही इज लाइक मी!" मुक्ताने प्रथमच सरळ माझ्याकडे पाहिलं.

आणि त्याच वेळी मला त्याच्या कोटाची बटणं दिसली. बटणं डाव्या बाजूला होती, बायकांच्या कोटाला असतात तशी. तीस वर्षांची सवय, शंका यायला क्षणही लागला नाही. छाप उलटा येतो. चित्र सुलट हवं तर पत्र्यावर ते उलटं काढावं लागतं. धंदेवाईक कारागीर त्यासाठी शेजारी आरसा ठेवतात. याने ठेवला नसणार. मी गप्प बसले. खात्री नव्हती, आणि रेवाचं तोंड इतकं फुललं होतं.

"कॅन वी सी द टॉवर?" रेवाने खिडकीकडे बोट दाखवलं.

नोराबाई घुटमळल्या. कागदाला उजेड लागेल म्हणाल्या. रेवाने 'प्लीज' म्हटलं. मग त्यांनी चित्रावर एक फडका टाकला आणि झडप उघडली.

बाहेर तळं होतं, तेच. बेट तेच. मनोरा उजवीकडे होता आणि डोंगर डावीकडे.

रेवाने खिडकीकडे पाहिलं, फडक्याचं टोक उचलून चित्राकडे पाहिलं, परत खिडकीकडे पाहिलं. "इट्स बॅकवर्ड्स," ती म्हणाली. "लाइक माय ज्यूस बॉक्स." मग बारीक आवाजात, "आजी, सो ही वॉज राइट-हँडेड?"

तिघी माझ्याकडे बघत होत्या. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला गुदगुल्या झाल्या. लेक मला धडा शिकवायला इतक्या लांब घेऊन आली होती आणि चित्र माझ्या बाजूने निघालं होतं. पुढच्याच क्षणी त्या गुदगुल्यांची लाज वाटली. पण छापाबद्दल खोटं बोलणं मला या जन्मी जमणार नाही.

"हो रेवा," मी म्हटलं. "उजव्याच हाताने लिहायचा तो. आणि हे चित्र काढणारा याच खोलीत, पत्रा मांडीवर घेऊन बसला होता. दिसेल तसं थेट काढत गेला. सुलट-उलट बघत बसला असता, तर हा माणूस त्याच्या हातून निसटला असता." मग नोराबाईंना हेच इंग्रजीत सांगितलं आणि त्यांची माफी मागितली.

नोराबाई मास्कच्या आत हसत होत्या. "बाई गं," त्या म्हणाल्या, "साठ वर्षं मी ही खिडकी पुसतेय. मनोरा कुठल्या बाजूला आहे ते मला कळणार नाही?"

त्या बारा वर्षांच्या असताना पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं होतं. पण त्या स्वतः कितोग. शाळेतल्या सिस्टरांनी पट्टीने बोटं फोडून त्यांना उजवं केलं होतं. त्या शाळेतून सुटून त्या इथे आल्या आणि भिंतीवर हा दिसला. पुस्तकं लिहिणारा मोठा माणूस, लेखणी डाव्या हातात. "मला तो हवा होता," त्या म्हणाल्या. "मग मी झडप बंद ठेवायला लागले. कागदासाठीही आणि त्याच्यासाठीही." चिठ्ठ्या त्या अजून उजव्या हाताने लिहितात, पण चहा डाव्या हाताने ओततात.

"ओके," रेवा म्हणाली. "कॅन आय पेट द डॉग?" आणि त्या दोघी कुत्र्याकडे गेल्या.

मुक्ता मात्र बागेतून उतरून पाण्याकडे चालायला लागली. मी मागोमाग गेले. गवत ओलं होतं, माझ्या चपला भिजल्या. ती काठावर उभी राहिली आणि मास्क काढून म्हणाली, "जिंकलीस."

तीन आठवड्यांतला तिने थेट माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"चित्राबद्दल माझं बरोबर निघालं," मी म्हटलं. "तुझ्याबद्दल चुकलं. तो दोन्ही हातांनी लिहीत असता तरी चुकलंच असतं."

वाचकहो, इथे तुम्हालाही सांगायला हवं. मी वर लिहिलं की सवय मोडली. कशी मोडली ते लिहिलं नाही. मुक्ता सहा वर्षांची असताना उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी तिचा डावा हात खुर्चीला बांधत होते. तिच्या शाळेच्या लाल रिबिनीने. जेवताना आणि गिरवताना. कुणी आलं की पटकन सोडायचे. म्हणजे आपण काय करतोय ते मला पुरतं कळत होतं. एवढ्या वर्षांत माझं एकच समाधान होतं की गाठ मी मुद्दाम सैल ठेवायचे, तिला लागू नये म्हणून.

"तुझा हात बांधायला नको होता मी," मी म्हटलं. "माझं चुकलं, मुक्ता."

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "गाठ सैल असायची."

"हो," मी म्हटलं. जरा आशेनेच म्हटलं.

"मला माहीत होतं ते. एकदा तू कुकर उतरवायला गेलीस तेव्हा मी हात काढून बघितला होता. सहज निघाला."

"मग?"

"मग परत आत घातला."

"का गं?"

"तू बांधला होतास ना, म्हणून."

मी तिथेच ओल्या दगडावर बसले. तीही शेजारी बसली. मी तिचा डावा हात हातात घेतला. या वेळीही तिने तो काढून घेतला नाही.